बांधीतला खेळाडू आणि भारताचा संघ

(इटियाडोह धरणाच्या परिसरात धानाची कापणी आटोपल्यानंतर झालेल्या गावच्या फुटबॉल सामन्यांच्या समारोपप्रसंगी एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



अशा समारंभात पाहुण्याने विजेत्यांचे अभिनंदन करावे, पराभूतांना धीर द्यावा, खेळाचे महत्त्व सांगावे आणि आपली जागा घ्यावी, असा प्रघात आहे. मीही त्याच तयारीने आलो होतो. परंतु दुपारी सामना चालू असताना शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला एक प्रश्न विचारला आणि ती तयारी बाजूला ठेवणे मला भाग पडले. डाव्या बाजूने चेंडू घेऊन धावणाऱ्या आपल्या तेरा वर्षांच्या नातवाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सायेब, आमच्या पोट्ट्याले भारताच्या टीममंदी घेतीन का जी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो मुलगा खरोखरच गुणी आहे. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तो मान वळवून दोन्ही बाजूंना पाहून घेतो, आणि चेंडू हातचा गेला तर हताश होऊन उभा न राहता तो परत मिळविण्यासाठी धावतो. या दोन गोष्टी सांगून येत नाहीत. तरीही मी आजोबांना लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण सांगतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळात, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, मी अशाच एका गुणी मुलाविषयी प्रसिद्धीसाठी मजकूर लिहिला होता. "उद्याचा भारतीय खेळाडू" असे त्याचे शीर्षक होते. वाक्य कानाला गोड होते, म्हणून लिहिले. त्यामागे कसलीही माहिती नव्हती. मुलाच्या घरी ते कात्रण भिंतीवर लागले. दहावीच्या वर्षी त्याने शाळा सोडली. पुढे निवडीची वाट कोणती, वय किती, कागद कोणते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि शीर्षक देणाऱ्या मलाही ते ठाऊक नव्हते. काही वर्षांनी तो मला भेटला, तेव्हा त्याने मला दोष दिला नाही. तो दोष माझा मीच घेतला आहे. म्हणून आज आजोबांच्या प्रश्नाला गोड वाक्याने उत्तर देणार नाही; जी माहिती आहे ती आपणांपुढे ठेवतो.

जागा किती, मागणारे किती

प्रथम हिशेब. मैदानावर अकरा खेळाडू असतात. मोठ्या स्पर्धेसाठी निवडलेला राष्ट्रीय संघ साधारणपणे एकवीस ते सव्वीस जणांचा असतो. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली आहे. केवळ भागाकार केला तर कोणाच्याही मुलाने स्वप्न पाहू नये, असाच निष्कर्ष निघेल. परंतु हा भागाकार फसवा आहे.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. कोणत्याही वयोगटाच्या फुटबॉल विश्वचषकात भारतीय संघ प्रत्यक्ष खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या एकवीस जणांच्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी होती, तर महाराष्ट्राची सव्वा अकरा कोटींच्या घरात होती. या एवढ्या मोठ्या राज्यात वाढलेला खेळाडू त्या संघात एकच होता. याचा अर्थ मणिपूरच्या मातीत काही जादू आहे, असा नाही. तेथे वस्तीवस्तीचे मैदान आहे, वस्तीचा संघ आहे आणि दर आठवड्याला पोटापुरता नव्हे, मनभर खेळ आहे. जेथे सामने अधिक, तेथून खेळाडू अधिक निघतात.

धरणात पाणी असणे आणि ते शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इटियाडोहच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही. गाढवी नदीवरचे हे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून लघुकालव्यात आणि तेथून पाटचारीने शेतात जाते. मधला एक दरवाजा बंद राहिला, तरी टोकाचे शेत कोरडे पडते. गुणी मुलाचेही तसेच आहे. येथे प्रवाह उलटा आहे, एवढाच फरक: शेवटच्या बांधीतून निघालेल्या मुलाला मुख्य प्रवाहापर्यंत पोहोचायचे असते, आणि वाटेतला प्रत्येक दरवाजा ठरावीक वयातच उघडतो.

कोल्हापूरचा अनिकेत

महाराष्ट्रात वाढलेला तो एक खेळाडू म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्याचा जन्म १३ जुलै २००० चा. वडील रिक्षा चालवीत. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. ज्या तालमींतून मल्ल घडले, त्यांच्याच नावाचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि सारे शहर सामना पाहण्यास लोटते. तेथल्या मुलाच्या कानावर चेंडूचा आवाज लहानपणापासूनच पडतो.

परंतु अनिकेत केवळ कोल्हापुरात खेळत राहून विश्वचषकापर्यंत गेला नाही. लहान वयातच त्याची निवड शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि तो पुण्याला राहून शिकू लागला. निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षक यांची सोय तेथे एका ठिकाणी असते. रिक्षाचालकाच्या घराला जो खर्च झेपला नसता, तो भार शासनाने उचलला. तेथून तो राष्ट्रीय संघाच्या निवडकर्त्यांच्या नजरेत आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताच्या पोशाखात उतरला.

पुढचा भागही सांगितला पाहिजे. भारताने त्या स्पर्धेतील तिन्ही सामने गमावले: अमेरिकेकडून तीन, कोलंबियाकडून दोनास एक, आणि घानाकडून चार गोलांनी. कोलंबियाविरुद्धचा भारताचा एकमेव गोल मणिपूरच्या जॅकसन सिंगने केला. त्यानंतर जॅकसन, सुरेश सिंग, अमरजित सिंग, रहीम अली, अन्वर अली असे काही जण वरिष्ठ संघात स्थिरावले वा खेळून गेले. एकवीसपैकी अनेकांना मात्र ती संधी मिळाली नाही. अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा अशा व्यावसायिक संघांतून खेळला. वरिष्ठ संघाच्या यादीत त्याचे नाव येण्यास मार्च २०२२ उजाडावा लागला. बहारीनमधील मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी त्याची निवड झाली. म्हणजे सतरा वर्षांखालील संघ ते वरिष्ठ संघ हा प्रवास साडेचार वर्षांचा, आणि तोही देशातील निवडक एकवीसांपैकी एकाचा. हे लक्षात ठेवले, म्हणजे तेराव्या वर्षी कोणाला "भारतीय खेळाडू" म्हणताना जीभ अडखळेल, आणि ती अडखळणेच बरे.

याच संघात मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही एक मराठी मुलगा होता. उत्तम मैदाने आणि प्रशिक्षक लाभलेला हा मुलगा आणि रिक्षाचालकाचा मुलगा एकाच पोशाखात उभे राहिले. घरची परिस्थिती हा अडथळा असतो; परंतु योग्य वेळी दरवाजा उघडला, तर तो ओलांडता येतो.

आमच्या मुलींचे काय?

आजच्या सामन्यांत मुलींचा संघ नव्हता, हे मला खटकले. कारण राष्ट्रीय संघाची आशा धरावयाची, तर ती मुलींच्या बाबतीत अधिक धरता येईल. खेळणाऱ्या मुलींची संख्या अद्याप कमी आहे आणि संघ मात्र तेवढ्याच जागांचे आहेत.

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबईतही तिचे सामने झाले. भारतीय संघाची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील अष्टम उरांव. आदिवासी मजूर कुटुंबातील ही मुलगी. त्या संघात झारखंडच्या सहा मुली होत्या. गुमला म्हणजे जंगल, धानाची शेती आणि कामासाठी स्थलांतर. आपल्या या भागाहून फारसा निराळा मुलूख नव्हे. तेथे निवासी प्रशिक्षण केंद्रांतून मुलींना शिक्षण आणि खेळ एकत्र मिळाले, आणि घरच्यांनी त्यांना पाठविले. आपल्या राज्यातील पुण्याची काजोल डिसूझा ही त्याच संघात होती. जुलै २०२५ मध्ये तर भारताच्या वरिष्ठ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात दोनास एक असे हरवून आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळविले. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या आपल्या मुलींच्या पायांत बळ नाही, असे कोण म्हणेल?

अनवाणी पायांचा धडा

आज मैदानावर निम्मी मुले अनवाणी होती. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्ससारख्या संघाशी त्यांनी दोनास एक अशी झुंज दिली. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. परंतु १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपला दहास एक असा पराभव केला. त्यानंतर बूट घालून खेळण्याची सक्ती झाली. अवघ्या चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

पराभवानंतर जे बदलले, ते साधेच होते. परंतु ते बदलले. आजही कोणत्याही अधिकृत सामन्यात बूट आणि नडगीचे रक्षक घातल्याशिवाय मैदानावर उतरता येत नाही. आयुष्यभर अनवाणी खेळलेल्या मुलाला निवडीच्या दिवशी उसने बूट दिले, तर त्याचा चेंडूवरचा ताबा निम्म्याने उतरतो. गावाने यंदाच्या बक्षिसाच्या ढालीऐवजी बुटांचे जोड घेतले असते, तर मला अधिक आनंद झाला असता.

वाट कोणती?

आता आजोबांच्या नातवासाठी, आणि त्याच्या वयाच्या सर्व मुलामुलींसाठी, वाट सांगतो.

पहिला दरवाजा शाळेचा. शालेय क्रीडास्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. १९६० पासून चालू असलेली सुब्रतो करंडक स्पर्धाही शाळांचीच आहे. शाळेने वेळेत नाव नोंदविले नाही, तर मुलगा कितीही गुणी असला, तरी तो तालुक्याला दिसतच नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हे सामने पावसाळ्यात सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच रोवणीची घाई असते. पालकांना माझी विनंती आहे, की वर्षातले ते दोन-चार दिवस मुलांना सोडावेत. एक बांधी दोन दिवस उशिरा रोवली, तर भरून काढता येते. वयोगट एकदा ओलांडला, की तो परत येत नाही.

दुसरा दरवाजा क्रीडा प्रबोधिनीचा. तेथे प्रवेशासाठी केवळ चेंडूचे कसब पाहिले जात नाही. उंची, वजन, तीस मीटर धाव, उभी उडी, लवचिकता, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर धाव अशा चाचण्या असतात. शाळेच्या मैदानावर त्यांचा सराव करण्यास काहीही खर्च येत नाही. यासंबंधीची माहिती तालुका व जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्या कार्यालयात मिळते. ती मागण्यासाठी ओळख लागत नाही.

तिसरा दरवाजा संघटनेचा. राज्यातील फुटबॉलचा कारभार १९११ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. तिच्या राज्यसंघांतून मुले राष्ट्रीय स्पर्धांत जातात, आणि राष्ट्रीय निवडकर्ते मुले पाहतात ती प्रामुख्याने अशा स्पर्धांत आणि व्यावसायिक संघांच्या युवा लीगमध्ये. तेथून काही जणांना शिबिराला बोलावतात आणि शिबिरातून अंतिम संघ निवडतात. विदर्भात नागपूर हे खेळाचे जुने केंद्र आहे. तेथे हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले, ते पुढे साऱ्या जगाने पाहिले. अर्जुनीहून रेल्वेने गोंदिया आणि तेथून नागपूर ही वाट लांबची आहे, परंतु ती बंद नाही.

चौथी गोष्ट कागदांची. जन्माची नोंद वेळेवर आणि खरी असावी. वयोगटाच्या स्पर्धांत आता मनगटाच्या हाडांची तपासणी होते. एखाद्या वर्षाची चोरी करून मुलगा तालुक्याला जिंकेल, परंतु पुढे कायमचा अडकेल. भारताच्या संघातून खेळण्यासाठी भारतीय पारपत्र लागते, तेव्हा जन्मदाखल्यावरचे नाव, शाळेतले नाव आणि आधारपत्रावरचे नाव एकच असू द्यावे. अक्षरातल्या फरकाने प्रवास थांबल्याची उदाहरणे सर्वच क्षेत्रांत आहेत.

जन्मतारखेविषयी आणखी एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. वयोगटाची मर्यादा बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी त्या अकरा महिन्यांनी अंगात मोठा फरक पडतो, आणि जगभर लहान गटांच्या संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले अधिक निवडली जातात, असे दिसून आले आहे. तेव्हा वर्षाच्या अखेरीस जन्मलेला लहानखुरा मुलगा एकदा डावलला गेला, तर त्याच्यात गुण नाहीत, असे समजू नये. त्याला आणखी दोन वर्षे खेळू द्यावे.

पाचवी गोष्ट शरीराची. अन्वर अलीचे नाव मी घेतले. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष आढळला आणि त्याचे खेळणे थांबले. तज्ज्ञांच्या तपासण्या आणि न्यायालयापर्यंतचा प्रवास करून तो परतला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ संघातून खेळला. धावताना छातीत दुखणे वा भोवळ येणे या गोष्टी मुलाने लपवू नयेत आणि मोठ्यांनी दुर्लक्षू नयेत. आहाराविषयी एवढेच सांगतो, की केवळ भाताने स्नायू बनत नाहीत. डाळ, अंडी आणि या धरणातली मासळी मुलांच्या ताटात येऊ द्या.

शेजारचे मैदान

सामने वाढवायचे, तर प्रतिस्पर्धी हवेत. गोठणगावाजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी बांधवांची वसाहत आहे. १९७२ च्या सुमारास ती वसली. देशभरातील तिबेटी वसाहतींत फुटबॉल आवडीने खेळला जातो आणि वसाहतींच्या संघांची स्वतंत्र स्पर्धाही होते. चांगला शेजारी संघ असणे ही खेळाडूची मोठी मिळकत असते. गावाने त्यांना आणि आजूबाजूच्या गावांना दर पंधरा दिवसांनी बोलवावे, त्यांच्याकडे जावे. धान निघाल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कितीतरी बांध्या मोकळ्या असतात. वर्षातून एकदा मंडप घालून खेळण्यापेक्षा मंडपाशिवाय वीस वेळा खेळणे अधिक मोलाचे आहे. शाळांना मिळालेले चेंडूही कपाटात ठेवण्यासाठी दिलेले नसतात.

शाळा सोडू नका

मुलांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यापैकी बहुतेक जण भारताच्या संघात जाणार नाहीत. हे कटू आहे, परंतु खरे आहे. तरीही खेळात घातलेली वर्षे वाया जात नाहीत, जर हातात पुस्तकही असेल तर. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. सैन्यदल, पोलीस आणि रेल्वे यांत खेळाडूंना स्थान आहे. पंच, प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक होता येते. परंतु यांपैकी जवळजवळ प्रत्येक वाटेवर शिक्षणाचा दाखला मागतात. ज्याने खेळासाठी शाळा सोडली, त्याच्या हाती एकच वाट उरते, आणि ती सर्वांत अरुंद असते. मी हे एका मुलाकडे पाहून शिकलो आहे.

आजोबांस उत्तर

आजोबा, आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. आपल्या नातवाला भारताच्या संघात घेतील की नाही, हे आज कोणीही सांगू शकत नाही. जो सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो माहिती अधिकारी असला, तरी ठेवू नका. परंतु पुढच्या पावसाळ्यात तो तालुक्याच्या मैदानावर दिसेल की नाही, हे मात्र आपल्या आणि या गावाच्या हातात आहे. त्याच्या पायांत बूट असतील की नाही, त्याचा दाखला खरा असेल की नाही, त्याची चाचणीची तयारी होईल की नाही, तो दहावी होईल की नाही, ही सर्व उत्तरे दिल्लीत ठरत नाहीत. ती येथे, या बांधावर ठरतात. एवढे येथे झाले, तर निवड झाली नाही तरी मुलगा उभा राहील. आणि झाली, तर तो मजकूर लिहिण्याचा मान मला द्यावा. या वेळी शीर्षक मी शेवटी लिहीन.

विजेत्या संघाचे अभिनंदन, पराभूत संघाला शुभेच्छा, आणि मुलींचा संघ पुढच्या वर्षी मैदानावर दिसावा, ही अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!